रिपोर्ट बघून पेढे देणारे अप्पा

आमच्या परंड्यात स्टँडकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर महादेवअप्पांचं पेढ्याचं दुकान आहे. तुम्ही आत गेलात, अर्धा किलो पेढे मागितलेत, की तराजूला हात लावायच्या आधी अप्पा विचारतात, "शेवटचं कोलेस्टेरॉल कधी तपासलं?"

नवीन गिऱ्हाईक दचकतंच. एकदा सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब पेढे घ्यायला थांबलं. यजमानांचं पोट बघून अप्पांनी भरलेला पुडा परत मागं ओढला.

"अहो, देवापुढं ठेवायचेत," यजमान म्हणाले.

"ठेवा की. देवाला काय होतंय? पण पुडा म्या बाईंच्या हातात देणार. तुम्ही आधी रगात तपासा."

बाईंनी पुडा घेतला आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की सोनारीपर्यंतचा प्रवास त्याला जड गेला असणार.

अप्पांच्या शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. वीस वर्षं आमच्यात एक भिंत आहे आणि तिच्यातून खव्याचा वास अलीकडे येतो. त्यामुळे हे वेड कसं सुरू झालं ते मी पहिल्यापासून पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी गावात मोफत तपासणीचं शिबिर झालं. फुकट म्हटल्यावर गरज नसलेलेही रांगेत होते. अप्पांना गरज होती, म्हणून ते नको म्हणत होते. शेवटी मीच ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्यात एकूण कोलेस्टेरॉल जास्त, एलडीएल जास्त, ट्रायग्लिसराईड्स जास्त. फक्त एचडीएल तेवढं कमी होतं. चौतीस.

"एक तरी कमी आलं की रं!" अप्पा म्हणाले आणि त्या आनंदात त्यांनी सगळ्या रस्त्याला पेढे वाटले.

संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं, की एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल, ते जास्त असावं लागतं. अप्पा परत आले ते पडक्या चेहऱ्यानं. "जे कमी पाहिजे ते जास्त, आन् जे जास्त पाहिजे तेच कमी. जन्मभर ह्येच चाललंय माझं."

पण माणूस हुशार. चार दिवसांत त्यांनी विषय कोळून प्यायला. "एलडीएल म्हंजे माल घेऊन निघालेला टेम्पो. जास्त झाले की रस्त्यातच माल सांडत जातात. रस्ता अरुंद होतो. एचडीएल म्हंजे सांडलेलं उचलून परत न्हेणारा. गावाचं पण तसंच हाय. सांडणारे लई, उचलणारे कमी." डॉक्टरांनी हे ऐकलं आणि आपल्याला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं, असं कबूल केलं. ते कबूल करायला नको होतं. त्या दिवसापासून अप्पा स्वतःच डॉक्टर झाले.

डॉक्टरांनी दिलेली गोळी ते रोज घेऊ लागले. पेढा चाखणं सोडलं. चाळीस वर्षं जिभेवर खवा ठेवून पारखणारा माणूस आता नुसता बोटानं दाबून, नाकाला लावून पारखू लागला. इथवर ठीक होतं. पण अप्पांना एकट्यानं शहाणं होणं जमत नाही. ते लोकांचे रिपोर्ट मागवू लागले. लाल पेन घ्यायचा, आकड्याला गोल करायचा आणि खाली लिहायचं: 'पास', 'काठावर पास' किंवा 'नापास'. "बाकी पुराण नगं. आकडा सांगा, आकडा," हे त्यांचं पालुपद.

आणि गाव तरी कसलं! दहावीच्या निकालाला जमत नाही इतकी गर्दी अप्पांच्या दुकानापुढच्या बाकड्यापाशी जमू लागली. एक निवृत्त गुरुजी तपासणीच्या आधी दोन दिवस काकडी आणि भगरीवर राहिले, 'पास'चा शेरा घेतला आणि तसेच समोरच्या गाड्यावर जाऊन दोन प्लेट भजी खाऊन आले. एका माजी सरपंचांचे ट्रायग्लिसराईड्स चारशेच्या वर निघाले, तर ते अभिमानानं म्हणाले, "आपलं काहीच कमी नसतंय." एका लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी नवरदेवाच्या बापाचा रिपोर्ट मागितल्याचंही ऐकलं. अप्पांच्या पेढ्याचा खप घटला. माझा झेरॉक्सचा धंदा मात्र वाढला, म्हणून मीही गप्प बसलो.

या सगळ्या वर्गात पहिला नंबर होता दशरथ पोस्टमनचा. दशरथ अप्पांचा लहानपणापासूनचा मित्र. तीस वर्षं सायकलवरून खेड्यापाड्यांत पत्रं वाटलेली. अंगावर औषधालासुद्धा चरबी नाही. निवृत्तीनंतर तो दिवसभर अप्पांच्या बाकड्यावर बसायचा आणि विडी ओढायचा. त्याचं एकूण कोलेस्टेरॉल निघालं एकशे बासष्ट. अप्पांनी लाल पेनानं लिहिलं, 'पहिल्या वर्गात पास', आणि रिपोर्टची झेरॉक्स काउंटरच्या काचेखाली लावली. येईल त्याला दाखवायचे, "हे बघा. माणूस असा पाहिजे."

लॅबमधल्या बाईंनी दशरथला सांगितलं होतं, की ब्लडप्रेशर जास्त वाटतंय, डॉक्टरांना दाखवून घ्या. दशरथनं अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "आकडा बरोबर हाय तर डाक्तर कशाला पाहिजे? उगं गोळ्या मागं लावून घ्यायच्या?"

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. दशरथ बाकड्यावर बसला होता. छातीत भरून आल्यासारखं होतंय, म्हणाला. जबडा दुखतोय, डावा हात जड वाटतोय.

"पित्त झालं आसंल," अप्पा आतूनच म्हणाले. "तुला काय होतंय? तुझा आकडा एकशे बासष्ट हाय. पाणी पी अन् आडवा हो जरा."

दशरथ आडवा झाला. त्यालाही ते पटलं होतं. काचेखाली लेखी पुरावा होता.

अर्ध्या तासानं मी कागदाचं रीम आणायला बाहेर पडलो आणि पाहिलं, तर त्याचा सदरा पाण्यातून काढल्यासारखा भिजलेला. चेहरा राखेसारखा. मी ओरडलो. समोरच्या दुकानदारानं जीप काढली. इथल्या दवाखान्यात ईसीजी काढला, तोंडात गोळ्या दिल्या आणि ताबडतोब बार्शीला न्या म्हणून सांगितलं. सगळ्या वाटेत अप्पांनी दशरथचं डोकं मांडीवर धरलं होतं.

बार्शीत त्याला लगेच आत घेतलं. रक्तवाहिनी बंद झाली होती, ती उघडून स्टेंट बसवला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा अप्पांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. जीपमध्ये बसायच्या आधी त्यांनी तो काचेखालून ओढून घेतलेला मला दिसला नव्हता.

"साहेब, पर ह्यो पास हाय," अप्पा म्हणाले. "हे बघा. पहिल्या वर्गात."

डॉक्टर तरुण होते. हसले नाहीत. त्यांनी कागद पाहिला. "रिपोर्ट बरोबर आहे, काका. पण कोलेस्टेरॉल हा एकच आकडा झाला. हे विडी ओढतात?"

"व्हय. लई."

"बीपी?"

अप्पांनी मान खाली घातली.

"साखर कधी तपासली? घरात कुणाला हृदयाचा त्रास? वडील?"

"बाप," अप्पा म्हणाले आणि थांबले. "बाप पन्नाशीच्या आतच गेला ह्याचा. बांधावर चालता चालता बसला, तो उठलाच न्हाय. म्या खांदा दिलाय त्याला."

"मग हे सगळं एकत्र मांडून धोका बघायचा असतो. नुसता आकडा कमी आला म्हणून माणूस सुटत नाही. आणि असं दुखायला लागलं तर तिथंच निघायचं, थांबायचं नाही. तुम्ही आणखी उशीर केला असता तर अवघड होतं."

डॉक्टर गेले. अप्पा बाकावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्धा तास म्या आडवा पाडला रं त्याला."

झेरॉक्स माझ्याच मशीनवर निघाली होती.

दशरथ आठ दिवसांनी घरी आला. विडी सुटली. बीपीची गोळी सुरू झाली, कोलेस्टेरॉलचीही. एकशे बासष्ट असूनसुद्धा गोळी, हे अप्पांनी निमूट ऐकून घेतलं. लाल पेन दुकानातून गेला. अजूनही लोक रिपोर्ट घेऊन येतात. अप्पा हात जोडतात, "डाक्तरला दाखवा. आन् विडी, तमाखू, बीपी, साखर, सगळं सांगा. बाप कशानं गेला त्ये पण सांगा." कोलेस्टेरॉल कधी तपासलं, हे मात्र ते अजून विचारतात. माणूस एकदम कुठं बदलतो? पण आता उत्तर काहीही आलं तरी पेढे देतात.

आता रोज सकाळी दोघं किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं फिरायला जातात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ते दशरथला. अप्पांचे गुडघे पार गेलेत. दशरथ पुढं निघून जातो आणि अप्पा भिंतीला हात लावत मागून येतात. परवा मी त्यांना वाटेत गाठलं आणि म्हणालो, "अप्पा, तुम्ही कशाला हाल करून घेता? त्यांचं ते चालतील की."

अप्पा थांबले. दम लागला होता. खंदकाकडे बघत म्हणाले, "आई गेली. थोरला भाऊ गेला. बरोबरीचे पण गेले. पोरं फोनवर 'अप्पा' म्हणतात, तू अप्पा म्हणतो, गिऱ्हाईक अप्पा म्हणतं. सगळं गाव अप्पा म्हणतंय. मला नावानं हाका मारणारं आता एवढं एकच राहिलंय बघ."

तेवढ्यात पुढच्या वळणावरून दशरथचा आवाज आला. "ए म्हाद्या! मेलास का मागं?"

"आलो रं, आलो," अप्पा म्हणाले आणि भिंतीवरचा हात काढून झपाझप चालू लागले.