अचानक भेटीच्या वरण-बट्ट्या

"खिळा आत्ताच ठोकून ठेव! आदर्श वर्गाचं प्रमाणपत्र यंदा आपल्याच भिंतीवर येते!" भगवंतराव गुरुजींनी बायकोला बजावलं.

कौशल्याबाई बट्ट्यांची कणीक मळत होत्या. "अन् नाही आलं तं?"

"नाही कसं येईन? तयारी पाह्य माही!"

तयारी जबरदस्तच होती. वरून फर्मान आलं होतं: पोरांना स्वतः विचार करायला शिकवा, एकमेकांच्या मदतीनं शिकू द्या. फर्मान काढणाऱ्यांनी स्वतः कधी विचार केला होता की नाही, देव जाणे! गुरुजींनी मात्र आठ दिवस खपून चौथीच्या पोरांकडून स्वतंत्र विचार तोंडपाठ करून घेतला. कोणी काहीही सांगितलं, की काजलनं उठून विचारायचं, "कशावरून?" मग गटानं डोकी जोडायची, ज्याला जे ठाऊक ते त्यानं सांगायचं आणि शेवटी प्रज्वलनं निकाल द्यायचा. लेझीम खेळल्यासारखं, एका तालात!

तपासणीच्या दिवशी विस्तार अधिकारी साहेबांची गाडी शाळेआधी गुरुजींच्या दारात थांबली. वरण-बट्ट्या, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार! साहेब सात बट्ट्यांवर थांबले, तेही कमरेचा पट्टा ऐकेना म्हणून. ज्या शेऱ्यावर प्रमाणपत्र मिळायचं, तो त्यांनी तिथंच ताटाशेजारी शेरेवही उघडून लिहून टाकला. वर्ग बघायचं तेवढं राहिलं!

गुरुजींनी शेरेवही मिरवत नेऊन वर्गातल्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ढेकर दाबत हाताला लागली ती वही उचलली आणि काजलला दिली. "हं, यातलं काहीही वाच आणि खरं-खोटं तपासून दाखव!"

गुरुजी झेपावले, पण उशीर झाला.

"आज सकाळी साडेदहा वाजता शाळेस अचानक भेट दिली. वर्ग उत्कृष्ट आढळला." काजलनं खणखणीत वाचलं, श्वास घेतला आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, "कशावरून?"

"बस खाली!" गुरुजी दातओठ खाऊन कुजबुजले.

"तुमीच तं म्हनलं गुरुजी, कोनालेच भ्यायचं नाही!"

डोकी जुळली.

"साडेदहाले तं आपली प्रार्थना चालू होती," प्रज्वल म्हणाला. "तवा साहेबाची गाडी गुरुजीच्या घरापुढं उभी होती. म्या पाह्यली!"

"आन् अचानक काऊन लिह्यलं बे?" प्राचीनं बोट नाचवलं. "गुरुजीनं कालच आमच्या मायजवळून पाच किलो वांगे नेले. उद्या साहेब येऊन राह्यले म्हने!"

"साहेबाच्या मिशीले वरन लागेल हाय!" मागच्या रांगेतून पुरावा आला.

साहेबांचा हात मिशीवर गेला. पुरावा सिद्ध!

प्रज्वल छाती काढून उभा राहिला. "निकाल! साहेब साडेदहाले गुरुजीच्या घरी जेवाले आले. शाळेत आले आपली खिचडी झाल्यावर, एक वाजता. आन् वर्ग उत्कृष्ट हाय का नाही, हे अजून कोनंच पाह्यलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! टाळ्याही तालमीत बसवलेल्या होत्या.

साहेब आधी टोमॅटोसारखे लाल झाले. मग त्यांचं पोटच हलायला लागलं. सातही बट्ट्यांसकट! "गुरुजी, पोरं एक नंबर आहेत हो तुमची!"

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांपुढं खिळा चमकला!

साहेबांनी 'अचानक' खोडलं, 'साडेदहा' खोडून 'एक' केलं, खाली आणखी काही लिहिलं आणि वही पुन्हा काजलला दिली.

"विद्यार्थी उत्कृष्ट. शिक्षकाने वरिष्ठांची दिशाभूल केली, सबब प्रमाणपत्र देऊ नये." वाचून काजल खाली बसलीच नाही. "कशावरून?"

"आता काय राहिलं पोरी?"

"साहेब, गुरुजीनं तं नुसतं वाढलं. खाल्लं तुमी, लिह्यलं तुमी! सहकार्य दोघायनं केलं, तं नाव एकट्याचंच काऊन?"

वर्ग खिदळला. गुरुजीही हसले, आठ दिवसांत पहिल्यांदा. साहेबांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं आणि 'शिक्षकाने'च्या शेजारी स्वतःचंही नाव टाकलं.

संध्याकाळी कौशल्याबाईंनी विचारलं, "मंग, खिळा काढू का?"

"राहू दे," गुरुजी म्हणाले, "शर्ट अडकवाले कामी येईन!"