थोरल्या जावयाचे धोंडे

आमचे सासरे आरती संपली की डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हणत, "हेच सिद्ध करावयाचे होते," आणि मगच देवाला नमस्कार करीत. लग्नानंतर डोणगावला पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी फस्सकन हसलो. सासूबाईंनी डोळे वटारले. त्या घरात या वाक्याशिवाय प्रसाद हातावर पडत नसे.

गाव त्यांना नारायण मास्तर म्हणे. उभी हयात गणित शिकवण्यात गेली होती. नोकरीतून निवृत्त झाले, पण आवाज अजून वर्गातच होता. देवघरात देव उंचीप्रमाणे ओळीने उभे असत. सासूबाईंच्या हातातलं आरतीचं ताट जरा लांबट फिरलं की मास्तर बाजूने पुटपुटत, "वर्तुळ काढ, वर्तुळ. देवापुढं अंडं नको काढू."

आमचा जिल्हा त्या काळात नुसता प्रवास करत होता. मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तिथून महाराष्ट्रात आला. पारावर लोक तावातावाने बोलत. मास्तर म्हणत, "त्रिकोनाच्या कोनांची बेरीज बदलली काय? नाई ना? मंग बसा गुमान."

मी शांताला बघायला गेलो तेव्हा पोहे यायच्या आधी त्यांनी मलाच दोन उदाहरणं घातली होती. एक चुकलं. तरी मुलगी दिली. का दिली, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

त्यांच्यामुळे चारचौघांत मान खाली घालायची मला सवय झाली होती. पण त्या अधिक महिन्यात कहर झाला. अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरण भरलेले तेहतीस धोंडे वाण म्हणून द्यायचे, अशी रीत. मी नवं धोतर नेसून पाटावर बसलो. ओसरीत शेजारच्या बायका जमलेल्या. मी पहिला धोंडा मोडणार, तोच मास्तरांचा आवाज आला.

"जावईबुवा, हा महिना काऊन येते?"

"चंद्राचं... म्हणजे चंद्र जरा..."

"असं बसून नाई. उभे राहून सांगा."

मी मेहकरच्या कचेरीतला कारकून. माझ्यासमोर लोक उभे राहतात. आणि मी पाटावर उभा राहिलो! बायकांनी तोंडाला पदर लावले. शांता चुलीमागे गडप झाली. माझे कान लाजेने तापले होते. मास्तरांनी समईचा सूर्य केला, माझी पृथ्वी केली, माझ्याच ताटातला धोंडा चंद्र म्हणून उचलला आणि तो माझ्याभोवती फिरवत चांद्र आणि सौर वर्षातला फरक समजावला. समजावून होईपर्यंत चंद्र पार गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फडक्यात बांधलेला डबा घेऊन दारात उभे. "चला, जावईबुवा. बीबीले जाऊन येऊ."

बीबीला माझे साडू रामभाऊ राहत. मास्तरांची थोरली मुलगी कमल त्यांना दिली होती. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. रामभाऊंनी दुसरं लग्न केलं. त्या लग्नाचं बोलावणं आलं होतं, पण मास्तर गेले नाहीत. तेव्हापासून जाणं-येणं बंद होतं.

मेहकरला एस.टी. बदलली तेव्हा मी धीर केला. "मास्तर, रामभाऊंना धोंडे द्यायचा मान आता दुसरीच्या बापाचा. त्या बाईला अपमान वाटला तर?"

"दोन पोरी, दोन जवाई. पोरगी गेली म्हणून जवाई वजा होते काय?" एवढं ठासून म्हणाले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तिच्या लग्नाले गेलो नाई मी. नव्या पोरीचा काय गुन्हा होता? लय लाज वाटून राह्यली. एकट्याचा पाय नसता उचलला, म्हनून तुमाले आनलं."

या माणसाला लाज वाटते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बीबीत रामभाऊंच्या अंगणात तोडलेल्या भेंडीचा ढीग पडला होता. दारात एक तरणी बाई टोपली निवडत होती. तिने पदर सावरला. "कोन पाह्यजे? ते तं मळ्यात गेले."

हरेक प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर तयार असे, ते मास्तर डबा छातीशी धरून नुसते उभे. मी बोलणार एवढ्यात ते कसेबसे म्हणाले, "मी... पहिलीचा बाप."

तिने टोपली खाली ठेवली. मग पुढे येऊन तिने वाकून नमस्कार केला. डबा बघितला आणि तिचा चेहरा एकदम उतरला. मास्तर घाबरले. "बाई, राग आला असंन तं घेऊन जातो वापस."

"नाई बाबा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले माय-बाप नाई. मामानं उजवलं. महिनाभर बाया इचारून राह्यल्या, तुह्या माहेरचे धोंडे आले काय? मी लाजंनं पान्याले बी दुपारची जातो."

तिने आम्हाला आत नेलं आणि डबा देवघरापुढे ठेवला. देवांच्या ओळीत चांदीचा एक छोटा टाक होता, हळदीकुंकवाने भरलेला. दुसरेपणावर आलेली बाई पहिलीचा असा टाक करून देवांत पुजते. तिने पहिला धोंडा त्या टाकापुढे ठेवला. "रोज पयले ताईले दाखवतो, मंगच जेवतो," ती म्हणाली.

मास्तरांनी कमलला त्या एवढ्याशा टाकात बघितलं आणि मटकन खाली बसले. उपरण्यात तोंड घालून हमसून हमसून रडले. कमल गेली तेव्हाही त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं. या माणसाची मी इतकी वर्षं लाज धरली, याचीच आता लाज वाटत होती.

वत्सलेने, तिचं नाव वत्सला, त्यांना पाणी दिलं. "बाबा, पुढच्या धोंड्याले मायले बी आना."

मास्तरांनी डोळे पुसले, घसा खाकरला. "पुढचा अधिक येते तीन वर्षांनं. तवरिक कोन थांबते? दिवाळीले मी घ्याले येतो तुले. माहेरी जाची तयारी करून ठेवजो."

ती खाली मान घालून डब्याचं फडकं घडी करत राहिली. किती तरी वेळ तिला ती घडी जमत नव्हती.