घंगाळाच्या फौजेनें बर्फाचा किल्ला घेतला त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण, जो सकल चराचरास ऊब देतो आणि बदल्यांत कांहीं मागत नाहीं, त्यासी दंडवत घालोन हकीकत लिहिली ऐसीजे. शके १७०४ शुभकृत् नाम संवत्सरे, वैशाख मासीं, तांब्याच्या एका घंगाळांत पाण्याचें थोर राज्य नांदत होतें. रयत म्हणजे पाण्याचे रेणू. इतके बारीक कीं डोळ्यांस दिसावयाचे नाहींत, आणि इतके बहुत कीं मोजणारा थकोन जावा. या रयतेस क्षणमात्र स्वस्थ बसणें ठाऊक नाहीं. पळावें, एकमेकांवर आदळावें, आणि आदळतां आदळतां जो जोरांत असेल त्यानें मंदास आपला थोडा जोर द्यावा, हेंच त्यांचें भूषण. सरासरीनें एकेकाचे अंगीं धांवण्याचा जोर किती, हें ज्या आंकड्यावरोन कळे त्यास तापमान म्हणत, आणि तो आंकडा वाचावयास पारनवीस विसाजीपंत पाऱ्याची काचनळी घेऊन दरबारीं उभे असत. मग चाल ऐसी पडली, कीं ज्याचा आंकडा मोठा त्याचा मान मोठा. घंगाळ चाळीस अंशांचें, कोमट. शेजारचा पेला नव्वद अंशांचा, कढत, त्याचे सरदार हैबतराव. म्हणोन एवढासा पेला वरचे आसनीं बसे आणि घंगाळाच्या स्वामिनी मैनाबाईसाहेब खालीं बसत.

त्या समयीं बाईसाहेबांचे धाकटे बंधू निळोजी बर्फाचे किल्ल्यांत अडकले होते. त्या किल्ल्याचा अंमल मोठा करडा. प्रत्येक रेणूनें शेजाऱ्याचा हात धरोन नेमल्या जागीं राहावें, जागचे जागीं थरथरावें, परंतु पाऊल टाकूं नये. निळोजींनीं सांगोन पाठविलें, “ताई, जिवंत आहें, पण नुसता थरथरतों आहें. धांवायला मिळत नाहीं. मला ने गं इथून.” हें ऐकतांच बाईसाहेबांनीं दरबारीं किल्ला घेण्याचा विडा मांडिला. हैबतरावांनीं तो पुरता खालीं ठेवूंही दिला नाहीं. म्हणाले, “नव्वद अंशांचे आम्ही असतां तुम्हां कोमटांस कशाला तसदी? बसा आणि पाहा!”

मग पेल्याची फौज किल्ल्यावर कोसळली, आणि पराक्रम केला तो खोटा कसा म्हणावा? एक बुरूज तेव्हांच विरघळला. परंतु बर्फाचे हात सोडवितां सोडवितां जो तो आपला जोर देऊन बसला, आणि मूठभर फौज ती किती पुरणार? हैबतराव धापा टाकीत म्हणाले, “आतां धांववेना हो!” विसाजीपंतांनीं नळी लाविली तों शून्य अंश, आणि किल्ला उभाच.

घंगाळांत एकच घबराट उडाली. पंत म्हणाले, “बाईसाहेब, नव्वदांची ही गत, आपण तर चाळीस. भावापायीं सगळी रयत गोठेल. हट्ट सोडा.” तेव्हां बाईसाहेब उभ्या राहिल्या आणि बोलल्या, “पंत, तुमची नळी एकेकाचा जोर सांगते. आम्ही किती जण आहों, हें तिला कुठें कळतंय? एवढ्या सगळ्यांनीं आपापल्या जोरांतला थोडा थोडा दिला, तर केवढी उष्णता होईल! ती पेल्यापाशीं कधीं नव्हतीच. किल्ला आमच्या घंगाळांत उतरवा!”

हैबतरावांच्या थकल्या फौजेसुद्धां किल्ला उतरविला, आणि चहूंकडोन आमचे रेणू आदळूं लागले. एक मंदावला कीं मागला पुढें, कोणी मागें फिरला नाहीं. विसाजीपंतांनीं किल्ल्यास नळी लाविली आणि कपाळास हात लाविला. “शून्यच! एवढा मारा झाला, आंकडा तसूभर हालत नाहीं. व्यर्थ सगळें!” बाईसाहेब म्हणाल्या, “आंकडा नका पाहूं, हात पाहा!” आणि खरेंच, दिला तो सारा जोर बर्फाचे हात सोडविण्यांतच खर्च होत होता, आंकडा हालेल कोठून? मग तट खचला, मग दुसरा बुरूज गेला, आणि पाहतां पाहतां किल्ला दिसेनासा जाहला, आणि आंतून निळोजी ओरडत धांवत आले, “ताई, सुटलों! पाय मोकळे झाले गं!” बाईसाहेब रडल्या, आणि आम्हीही रडलों, त्यांत लाज कसली?

पंतांनीं भीतभीत सांगितलें, “सरकार, आपला आंकडा पांच अंशांनीं उतरला.” बाईसाहेब म्हणाल्या, “उतरूं द्या. माझा भाऊ धांवतोय.”

सारांश, तापमान थोर खरें, परंतु उष्णता किती हें पाहणें तर धांवणारे किती हेंही पाहावें. त्या दिवसापासोन घंगाळांत बर्फाचा कोण, पेल्याचा कोण आणि मूळचा कोण, हें कोणासही सांगतां येत नाहीं. हकीकत लिहिणारा तेव्हां मारा करणारांत होता कीं सुटणारांत, हें त्याचें त्यासही आठवत नाहीं. धांवतो आहे, इतकें खरें.