एका तांब्यातली फियाट

किसनभाऊ गुंजाळ एका तांब्यात अख्खी फियाट धुवायचे.

तांब्या म्हणजे आपण पावण्याला पाय धुवायला देतो तो. त्यात पावण्याचे पाय जेमतेम भिजतात. किसनभाऊंची गाडी मात्र टपापासून चाकांपर्यंत लख्ख व्हायची आणि तरीही तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी उरायचं. ते घोटभर पाणी ते फाटकाजवळच्या तुळशीला घालायचे आणि आम्हा बाकीच्यांकडे असं बघायचे, जणू आम्ही आत्ताच एखादं धरण फोडून आलोय.

हे सांगताना माझ्या आवाजात कौतुक आलं असेल तर ते चुकून. मला त्या माणसाचा संताप यायचा. का, ते ऐका म्हणजे तुम्हालाही येईल.

नारायणगावात, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, आमची बारा बिऱ्हाडांची इमारत होती. नाव गंगोत्री. हा विनोद बिल्डरचा, माझा नव्हे. प्रत्येक घरात चार नळ होते आणि चारही नळांतून फक्त वारा यायचा. नव्वदचं दशक संपता संपता एका वर्षी पाऊस लवकर निघून गेला, दसऱ्याला बोअर आटली आणि आम्ही टँकरवर आलो. टँकर एक दिवसाआड यायचा, तळमजल्यावरच्या हौदात रिकामा व्हायचा आणि दर बिऱ्हाडाला चार हंडे मिळायचे. हंडे ज्याचे त्यानं जिन्यानं वर न्यायचे. देखरेखीला मी. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. जो माणूस दिवसभर पोरांकडून फुलदाणी काढून घेतो तो कुणाचं काय वाकडं करणार, अशा हिशेबानं मला सेक्रेटरी केलं होतं.

आता अशा दिवसांत गाडी कोण धुणार? आमच्या आवारात धूळ ही अब्रू झाली होती. ज्याची स्कूटर जास्त मळकी तो जास्त प्रामाणिक. दुसऱ्या मजल्यावरचे औटी तर आपल्या स्कूटरवर बसायच्या आधी फडकंसुद्धा मारत नसत. पांढऱ्या पँटीवर मागं धुळीचा शिक्का घेऊन ते अभिमानानं बाजारात फिरायचे. आणि या सगळ्या प्रामाणिक धुळीच्या मधोमध किसनभाऊंची फियाट उभी. काळीभोर, चकचकीत. तिच्या दारात तोंड बघून दाढी करावी.

विचारलं की व्याख्यान. “मी धुत न्हाई, सर. मी पुसतो. धुनं येगळं, पुसनं येगळं.” त्यांचं शास्त्र ठरलेलं होतं. आधी कोरड्या सुती कपड्यानं धूळ झटकायची, दाबायची नाही. मग ओलं फडकं, तेही पिळून. आधी टप, मग काचा, मग दारं, आणि चाकं सगळ्यात शेवटी. “पानी म्हंजी वषध. वषध बादलीनं पितं का कुनी?” थंडी पडली की संध्याकाळी गाडीवर जुनं धोतर पसरून ठेवायचं. पहाटेपर्यंत ते दवानं ओलं होतं. मग तांब्याचीही गरज नाही. आणि टोमॅटोचा भाव पडला, बाजारातून परतणारे शेतकरी रस्त्याकडेला क्रेट उपडे करून जाऊ लागले, की किसनभाऊ त्यातले चार पिकलेले उचलून आणायचे आणि त्यांनी पुढचा-मागचा बंपर घासायचे. बंपर असा झळकायचा की बघवत नसे. दुपारपर्यंत गाडीला चटणीचा वास यायचा आणि आमच्या घरात माश्या.

बरं, स्वतःपुरतं करा आणि गप्प बसा. तेही नाही. हौदापाशी उभे राहून ते दुसऱ्यांच्या पाण्यावर लक्ष ठेवायचे. माझ्या बायकोला एकदा म्हणाले, “वैनी, तांदूळ धुताय का बुडवून मारताय?” ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी, त्यांच्याशी नव्हे.

मूळचे ते पिंपळवंडीचे. तळमजल्यावर एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ सोपान. त्याची बायको वारलेली, मुलगा चाकणला कारखान्यात, आणि दोन्ही गुडघे गेलेले. या दोघा भावांत नऊ वर्षं शब्द नव्हता. मग एकाच इमारतीत कसे, असं विचाराल. फ्लॅट घेताना दोघं एका ताटात जेवत होते. ताबा मिळेपर्यंत वाटणी झाली. जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीवरच्या पाळ्या वाटल्या. अडलं ते फियाटपाशी. भीमाशंकरला जाणाऱ्या भाविकांसाठी भाड्यानं फिरवायला दोघांनी मिळून घेतलेली गाडी. ती मधून कापता येईना. शेवटी ती थोरल्याच्या दारात उभी राहिली आणि धाकट्यानं बोलणं सोडलं. सोपानराव टँकरच्या दिवशी कठडा धरून खाली यायचे आणि चार हंड्यांतला एकच कसाबसा वर न्यायचे. बाकीचे तिथंच सोडायचे. कुणी मदतीला हात पुढं केला की म्हणायचे, “एकल्याला किती लागतंय?” आणि तोंड फिरवायचे. मानी घराणं.

तर त्या थंडीत हौदातलं पाणी कमी होऊ लागलं. आम्ही कुलूप लावलं तरी रोज सकाळी चार बोटं पातळी उतरलेली. औटींनी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली आणि सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. रोज सकाळी हौद उतरतो, रोज सकाळी एकच गाडी चमकते, यात अवघड ते काय?

किसनभाऊ असे उसळले की औटी दोन पावलं मागं सरकले. “तीस वर्सं पाटाचं पानी धरलं मी. शेजारच्या पाळीतला थेंब कंदी माझ्या वाफ्यात आला न्हाई. आन् तुमी मला हंड्याचा चोर म्हनता?” मग त्यांनी आमच्यातल्या एकेकाच्या पाण्याचा पंचनामा केला. कुणाच्या घरी दोनदा आंघोळ होते, कोण फरशी भिजवतं, औटी दाढी करताना किती वेळा वाटी बदलतात, सगळं. त्यानं उरलेसुरलेही बिथरले. ठराव झाला. किसनभाऊ कबूल करेपर्यंत त्यांचे चारही हंडे बंद. ठराव मीच लिहिला, सुंदर अक्षरात.

ते ऐकून किसनभाऊ गप्प झाले. एकदम गप्प. मी त्यांना गप्प झालेलं प्रथमच बघत होतो आणि मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय. तीन दिवस त्यांना थेंब दिला नाही आणि तिन्ही दिवस फियाट चमकत होती. आता मात्र मी पेटलो. चौथ्या दिवशी पहाटे मफलर गुंडाळून मी खाली आलो आणि औटींच्या स्कूटरमागं दबा धरून बसलो. त्या स्कूटरवर इतका प्रामाणिकपणा साचला होता की मला तीनदा शिंक दाबावी लागली.

पाचच्या सुमाराला किसनभाऊ बाहेर आले. गाडीवरचं दवानं भिजलेलं धोतर त्यांनी हळूच ओढलं, त्यानंच टप, काचा, दारं पुसली. हौदाकडे ढुंकून पाहिलं नाही. मग घरातून एक हंडा आणला आणि फाटकाबाहेर चालू लागले. मी बसून राहिलो. अर्ध्या तासानं ते परत आले. स्टँडजवळच्या हॉटेलच्या नळावरून भरलेला हंडा खांद्यावर, मान वाकडी, सदरा एका बाजूनं भिजलेला. आता हे घरात जातील, म्हटलं. ते जिन्यापाशी थांबले, चपला काढल्या, बगलेत धरल्या आणि अनवाणी वर चढू लागले. मीही माझ्या चपला काढल्या आणि मागं गेलो. तिसऱ्या मजल्यावर सोपानरावांच्या बंद दाराशी त्यांनी हंडा असा टेकवला की धातूचा आवाज नाही. शेजारी कालचा रिकामा हंडा होता, तो उचलला आणि वळले. मी मधल्या पायरीवर उभा होतो.

“हळू बोला,” ते म्हणाले. मी काही बोललोच नव्हतो.

खाली आल्यावर कळलं ते असं. हे टँकर सुरू झाल्यापासून चाललं होतं. आपल्या चार हंड्यांतले दोन ते पहाटे वर नेऊन ठेवायचे. आम्ही हंडे बंद केले तेव्हापासून स्टँडवर जायचे. सोपानला वाटत होतं की समोरच्या बिऱ्हाडातली बाई ठेवते.

“त्यांना सांगा की सरळ,” मी म्हणालो.

“सांगून बघा. वतून दील. माझ्या हातचं पानी त्यो घ्यायचा न्हाई, राव. तुमाला त्याचा सोभाव ठाव न्हाई.”

“आणि तुम्ही काय वापरता?”

“मला काय, तांब्यात भागतंय.”

मी चिडलो होतो, स्वतःवर की त्यांच्यावर ते आता आठवत नाही. म्हणालो, एवढं होतं तर मीटिंगमध्ये हे का सांगितलं नाही? आणि पाण्याचा एवढा दुष्काळ असताना रोज ती गाडी पुसायची हौस कशाला?

हौस हा शब्द त्यांना लागला. फियाटकडे बोट करून म्हणाले, “ती निम्मी त्याची हाय, सर. उद्या आला आन् म्हनला, माझी दे, तर काय मळकी देऊ?”

आता हौदाचा प्रश्न उरला. त्याचं उत्तर हौदामागं उभं होतं. सगळं आवार वाळून कोळ झालेलं असताना तिथं एक पपईचं झाड, कुणी न लावलेलं, हिरवंगार, बारा फळांनी लदबदलेलं. हौदाला तळाशी तडा होता. आम्ही बारा बिऱ्हाडं महिनाभर त्या पपईला पाणी पाजत होतो आणि कुणीही मान वळवून मागं पाहिलं नव्हतं.

मी मीटिंगमध्ये उभा राहिलो, चूक माझी म्हणालो आणि ठराव खोडला. पहाटेचं काही बोललो नाही. औटी मोठ्या मनानं किसनभाऊंची माफी मागायला पुढं झाले. किसनभाऊंनी हात आडवा केला. “माझी नको. गाडीची मागा. बोल तिला लागला.” आणि ते हटेनात. शेवटी सगळ्यांदेखत औटींनी फियाटपुढं हात जोडले. बंपरमध्ये त्यांची छबी अगदी स्वच्छ दिसत होती.

इथं प्रकरण संपलं असं मी धरून चाललो होतो. दोन दिवसांनी जिना चढताना सोपानरावांनी मला वरून हाक मारली. कठड्याला रेलून उभे होते. इकडं तिकडं पाहून म्हणाले, “सर, तुमी सेक्रेटरी. खालच्या त्या येड्याला कायतरी करून सांगा. हंडा गळ्यापातुर भरत जाऊ नको म्हनावं. पाठ धरती त्याची. सा महिन्यामागं चार दिस उठला नव्हता.”

मी विचारलं, “तुम्हाला माहीत आहे?”

“ल्हानपनापासून त्याच्या मागं चाललोय. अनवानी आला म्हनून काय पाय वळखू येत न्हाईत का?” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “पर मला ठाव हाय असं बोलू नका. लाजंल. यायचा बंद व्हईल.”

आता मला सांगा, यावर माणसानं संतापू नये तर काय करावं? एक खाली, एक वर, दोघांचंही गुपित माझ्या पोटात, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याच्या दारावर थाप मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी हौदावर मी नवा नियम लावला. जिन्यावर पाणी सांडतं, सबब हंडा पाऊणच भरावा. किसनभाऊंनी तो पूर्ण वाचला आणि मला अर्धा तास धारेवर धरलं. पाऊण हंडा कुठं असतो का, असला कंजूष नियम जिल्ह्यात कुठं नसेल, “कुन्या येड्याच्या डोक्यातून निघाला ह्यो?”

मी म्हणालो, माझ्या.

पण नियम म्हटल्यावर त्यांनी तो पाळला. पुढच्या पहाटे मला उगाचच जाग आली, म्हणून गॅलरीत आलो. तिसऱ्या मजल्यावर सोपानरावांच्या खिडकीत दिवा होता. जिन्यात अनवाणी पावलं वाजली तसा तो दिवा विझला. हंडा टेकला, पावलं उतरली, तळमजल्यावर पोचली. मग दिवा पुन्हा लागला.