मतदानाला गेलेली मंदाकिनी

“फ्युनरल होममध्ये इलेक्शन?” मंदाकिनीने नोटीस नवऱ्यापुढे धरली. “अहो, हा पाइक आता माणसांना थेट मसणात बोलावतोय!”

मिस्टर पाइक हे कॅनडातल्या विंडसरमधल्या त्यांच्या कॉन्डोच्या, म्हणजे बिल्डिंगच्या, बोर्डाचे अध्यक्ष. लिफ्ट सारखी बंद पडे, वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं घरात अडकत आणि पाइक तरीही खुर्चीवर. कारण मीटिंग तो कुणी फिरकणार नाही अशा जागी ठेवी. कोरम, म्हणजे किमान हजेरी, भरला नाही, की जुनंच बोर्ड पुढे चालू. यंदा मंदाकिनी त्याच्याविरुद्ध उभी राहिली, तर पठ्ठ्याने नदीकाठचं फ्युनरल होम शोधून काढलं.

शेजारी एकेक करून गळाले. “काकू, मत तुम्हालाच,” खालच्या मजल्यावरचा शैलेंद्र म्हणाला, “पण तिथे नको हो. त्यातून आज अमावास्या!” नवरा विश्वनाथ तर सर्दीचं निमित्त करून पांघरुणात शिरला.

ती एकटीच निघाली. भर दुपारी इतकं धुकं, की नदी दिसेना. तिने हात लावायच्या आतच दार उघडलं. आत लिलीचा उग्र वास आणि कुठून येतंय ते न कळणारं संथ संगीत. काळ्या सुटातला एक उंच माणूस कानाशी कुजबुजला, “व्ह्यूइंग, ऑर व्होटिंग?” अंत्यदर्शन की मतदान?

“व्हो... व्होटिंग.”

त्याने पडदा सारला. मंद दिव्यात रिकाम्या खुर्च्या आणि समोर एक गृहस्थ. डोळे मिटलेले, हात पोटावर, चेहरा मेणासारखा. मंदाकिनीने आपसूक हात जोडले.

प्रेताने एक डोळा उघडला. “यू आर अर्ली,” पाइक म्हणाला.

ती मागच्या कोपऱ्यात अंधारात जाऊन बसली. वेळ भरत आली, कुणी येईना. आठव्या मजल्यावरच्या देवस्थळी आजी महिनाभर खाली उतरल्या नव्हत्या, त्या आज थोड्याच उतरणार!

तेवढ्यात पावलं वाजली. धुक्यातून माणसं आत येऊ लागली. पांढरे कपडे, हातात फुलं. सगळी बिल्डिंगमधलीच, पण तिच्याकडे कुणी बघेना. दोघांच्या आधाराने देवस्थळी आजी तिच्या शेजारी येऊन टेकल्या आणि हुंदका देत म्हणाल्या, “पोर सोन्यासारखी होती गं!”

मंदाकिनीच्या अंगावर सरसरून काटा आला. “कोण गेलं, आजी?”

“आपली मंदाकिनी,” म्हणत आजी वळल्या आणि किंचाळल्या.

सगळा हॉल उभा राहिला. शैलेंद्रच्या हातातली फुलं गळून पडली. “काकू! अहो, काकांचा फोन आला, ‘मंदा गेली रे, फ्युनरल होमला,’ एवढंच बोलून ठेवून दिला. मी ग्रुपवर टाकलं...”

“आणि मत द्यायला बोलावलं तेव्हा कुठे होतात सगळे?”

“अगं, मतदानाला नाही आलं तर कोण विचारतंय?” आजी डोळे पुसत म्हणाल्या. “मयताला नाही आलं तर लोक काय म्हणतील!”

पाइक हळूच पडद्याकडे सरकत होता. “सर,” काळा सूट कुजबुजला, “कोरम भरलाय.”

आत्ताच जिच्यासाठी रडलो, तिच्याविरुद्ध हात कोण वर करणार? पाइकला एकच मत पडलं, आणि तेही त्याचं स्वतःचं.

मंदाकिनी तणतणत घरी आली. विश्वनाथ टेबलाशी बसून निवांत जेवत होता.

“खरं सांगा, मुद्दाम केलंत ना?”

“छे गं, सर्दीने धाप लागते. पुढचं बोलणं राहूनच गेलं,” विश्वनाथ खणखणीत आवाजात म्हणाला आणि त्याने तिचं ताट पुढे ओढलं. “बस. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून दिलाय, अजून गरम आहे.”