टीव्हीमागचा व्हॉल्व्ह

स्वयंपाकघराची भिंत पाझरत होती, फरशीवर तळं साचलं होतं, आणि सासूबाई टीव्हीवरच्या जवानासाठी डोळे पुसत बसल्या होत्या. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली बादली तिनं मुद्दाम आदळली.

“आई, तो मेलेला नाही. पुढच्या भागात उठेल.”

“तुला काळीजच नाही. बघ, त्याची बायको कशी रडतेय!”

बायको रडत होती खरी, पण काजळाची रेघ जागची हलत नव्हती. कोसळण्याआधी नवरा गोळ्यांच्या वर्षावात उभा राहून तिच्याशी फोनवर कर्तव्याविषयी बोलत होता, आणि शत्रूही बिचारा त्याचं वाक्य संपेपर्यंत कळ काढत होता. सुनेचा स्वतःचा नवरा खरोखरच्या सीमेवर होता. लाइन मिळाली की तो फोन करायचा, आणि दोघं गॅस सिलिंडर, आईच्या गोळ्या आणि त्याची पाठदुखी यांवर बोलायची. कर्तव्याचा विषय अजून एकदाही निघाला नव्हता.

आज तिला एकच गोष्ट विचारायची होती: पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह कुठं आहे? गेल्या सुट्टीत पठ्ठ्यानं घरातले सगळे पाइप स्वतःच्या हातानं बदलले होते. सकाळी आलेल्या प्लंबरनं सगळ्या भिंती ठोकून पाहिल्या, “हे ज्यानं केलंय त्यालाच विचारा,” म्हणाला आणि चालता झाला.

दुपारी फोन वाजला. सून हात पुसेपर्यंत सासूबाईंनी तो उचलला. मालिका डोळ्यांत ताजी होती.

“बाळा, माझ्या अश्रूंकडे पाहू नकोस!”

“आई? काय झालं?” पलीकडचा आवाज सुनेलाही ऐकू आला.

“आमचं काहीही होवो, तू मागे वळू नकोस!”

“कुणाचं काय झालं? आई, तिला दे फोन!”

सुनेनं फोन हिसकावला, तोवर लाइन तुटली.

“अहो, व्हॉल्व्ह विचारायचा होता!” ती ओरडली. “आता पुन्हा कधी लाइन मिळेल देव जाणे!”

“जवानाच्या आईनं व्हॉल्व्ह विचारायचा?” सासूबाई दुखावल्या. “शोभतं का ते?”

संध्याकाळी पाणी बाहेरच्या खोलीत आलं आणि दाराची बेल वाजली. दारात दोन वर्दीवाले उभे होते.

सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या मालिकेत दारात दोन वर्दीवाले आले की एकच बातमी असते. त्या प्रसंगाची सुनेनं आजवर यथेच्छ टर उडवली होती. आता तिच्याही हातातून दाराची कडी सुटेना. मालिकावाल्या मेल्यांनी बाकी सगळं खोटं दाखवलं होतं, दारातली ही धास्ती मात्र खरी होती.

“घरी सगळे ठीक आहेत ना?” त्यांतला वयस्कर हवालदार म्हणाला. “तुमच्या मिस्टरांनी तिकडे सगळ्यांचं डोकं उठवलंय. आई भलतंच काहीतरी बोलते म्हणे. आमच्या छावणीतल्या साहेबांनी बघून यायला सांगितलं.”

“म्हणजे ते...?”

“ठणठणीत आहेत. हा घ्या, थेट त्यांच्या तुकडीला फोन लावून देतो.”

सुनेचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ दिवसभराचा संताप उसळून वर आला.

“व्हॉल्व्ह कुठंय?” ती किंचाळली.

“टीव्हीच्या मागे,” नवरा चाचरत म्हणाला. “टीव्ही भिंतीला लावताना झाकला गेला बहुतेक.”

“बहुतेक?”

वर्दीवाल्यांनी बाह्या सरसावल्या. टीव्हीवरचा जवान नेमका डोळे उघडत होता, तेवढ्यात त्यांनी वायर ओढली. टीव्ही खाली उतरला, व्हॉल्व्ह फिरला, पाणी थांबलं. सासूबाई भिंतीला धरून उठल्या. त्यांनी सुनेकडून फोन ओढून घेतला.

“गाढवा! टीव्हीमागे व्हॉल्व्ह लपवतात का? घराचं पार डबकं करून ठेवलंस! आणि पाठीला तेल लावतोस की तेही मीच येऊन लावू?”

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला.

“आई, तूच आहेस ना,” तो म्हणाला. “दुपारी जाम घाबरलो होतो गं. अजून थोडं ओरड.”