शिक्क्याचं वजन

हैदराबादहून परतलेल्या सिद्रामप्पांनी रिपोर्ट बायकोपुढे टाकला आणि भिंतीला पाठ टेकून ते हताश बसले.

"नांदेडच्या मशीनवर माझं हृदय चाळीस टक्के चालायलंय. हैदराबादच्या मशीनवर बावन्न. आता मी मरायलोय का जगायलोय, सांग!"

"आधी जेवून घ्या," बसम्मा म्हणाली.

वालूरला अप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं. छातीत कळ आल्यापासून त्यांनी अंथरूण धरलं होतं. पाण्याचा तांब्यासुद्धा बसम्माच हातात आणून देई. नांदेडच्या डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवून हृदय पडद्यावर पाहिलं होतं. हैदराबादेत शिरेत सुई देऊन मोठ्या कॅमेऱ्याखाली झोपवलं होतं. दोन्हींची मोजायची रीत निराळी, आकड्यात फरक पडायचाच, निरोगी हृदयसुद्धा साठाच्या आसपासच दाखवतं, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. पण ज्याची हयात तराजूपुढे गेली, त्याला हे कसं पटावं? दोन काटे दोन वजनं दाखवतात म्हणजे एक काटा खोटा. तो ओळखायचा तर त्यावर सरकारी शिक्क्याचं, खात्रीचं वजन ठेवून बघायचं.

तसं वजन घरातच होतं. बसम्मा! उभ्या जन्मात तिनं गोळी खाल्ली नव्हती, की पोतं हलवायला हमालाची वाट पाहिली नव्हती.

"तुला त्या नांदेडच्या मशीनवर घालतो," अप्पा म्हणाले. "तुझं बरोबर दाखवलं तर मशीन खरं, मी मेलो. तुझंबी कमी दाखवलं तर मशीन खोटं, मी वाचलो."

"पण मला काय झालंय?"

"कायबी न्हाई. म्हणून तर!"

नांदेडला विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेला बंद कालच उठला होता, रिक्षा अजून बाहेर पडल्या नव्हत्या. स्टेशनपासून पायीच निघावं लागलं. पिशवी अर्थातच बसम्माकडे. ती सारखी मागं पडत होती.

"पाय उचल की! आजारी मी हाय का तू?" अप्पा खेकसले.

डॉक्टर आधी तयारच होईनात. पण अप्पा खुर्चीवरून हलेनात, तेव्हा त्यांनी नाइलाजानं बसम्माला तपासलं. बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले.

"तीस टक्के."

अप्पा टुणकन उठले. कित्येक दिवसांत ते पहिल्यांदाच हसले. "बघा! मशीन खोटं! या बाईला तीस? पहाटपासून राबती ही!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बसम्मालाच विचारलं, "मावशी, चालताना दम लागतो?"

"लागतो की. वरीस झालं."

"पाय सुजतात?"

"सांजच्याला."

"झोप लागते?"

"आडवं पडलं की लय गुदमरतंय. मग टेकून बसती."

अप्पांचं हसू मावळलं. काटा खरा निघाला होता. वजनच कधी कुणी तपासलं नव्हतं.

"मला का न्हाई सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमी मरायलात की," बसम्मा म्हणाली. "त्यात आनिक माझं कुठं सांगत बसू?"

डॉक्टरांनी दोघांनाही गोळ्या लिहून दिल्या. रस्त्यावर आल्यावर अप्पांनी तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली. ती चांगलीच जड होती. आत त्यांचाच डबा, त्यांचंच पाणी, त्यांचीच चादर. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"द्या इकडं," बसम्मा म्हणाली. "चाळीसवाल्यानं ओझं उचलू न्हाई."

"तीसवालीनं गप ऱ्हावं," अप्पा म्हणाले, आणि चार पावलांवर दोघंही दम खायला थांबले.